मुलांच्या दंतोपचारांवर क्लिनिकल संशोधन: पात्रता, कागदपत्रे, एथिक्स कमिटी आणि सीटीआरआय नोंदणी

दुधाच्या दाढेची पल्पोटॉमी (दातातल्या मऊ, जिवंत गराचा, म्हणजे पल्पचा, वरचा भाग काढणे) असो, किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारे औषध लावणे असो किंवा स्टीलच्या क्राउनच्या (दातावरच्या टोपीच्या) दोन पद्धतींची तुलना असो, भारतात असा अभ्यास करायचा तर अभ्यासात पहिले मूल घेण्याआधी दोन कागद हातात हवेत. एक एथिक्स कमिटीचे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचे, मंजुरीपत्र आणि दुसरा क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा, म्हणजे सीटीआरआयचा, नोंदणी क्रमांक. क्रमही हाच. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय मागाहून नोंदणी करत नाही. पेशंट मिळताहेत म्हणून कमिटीच्या मंजुरीवर काम सुरू केले आणि नोंदणी पुढे ढकलली, की पुढे क्रमांक मिळत नाही. मग नोंदणी मागणारी चांगली नियतकालिके पेपर परत पाठवतात. एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्यांची मेहनत सर्वात जास्त इथेच वाया जाते.

परवानगी कोणाकोणाची लागेल?

आधी आपल्या संस्थेच्या कमिटीची नोंदणी तपासा. नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम, २०१९ नुसार आरोग्य संशोधन करणाऱ्या संस्थेच्या कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी लागते. ती 'नैतिक' पोर्टलवर होते. क्रमांक आणि मुदत दोन्ही सदस्य सचिवांकडून लेखी घ्या.

बाजारात असलेले, मान्यताप्राप्त साहित्य त्याच्या मान्य कामासाठीच वापरणार असाल तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे जावे लागत नाही. मान्यताप्राप्त औषध नव्या कारणासाठी, नव्या मार्गाने किंवा नव्या मात्रेत वापरायचे असेल आणि अभ्यास निव्वळ शैक्षणिक असेल, तर २०१९ च्या नियमांतला नियम २८ लागू होतो. त्यात कमिटीची मंजुरी पुरते, मात्र ती माहिती विक्रीची परवानगी मिळवायला वापरता येत नाही. कमिटीला शंका आली तर ती औषध नियंत्रकांना कळवते आणि कामकाजाच्या ३० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगीची गरज नाही असे धरले जाते.

गोळ्या कुटून तयार केलेली तिहेरी अँटिबायोटिक पेस्ट किंवा प्रयोगशाळेत काढलेला वनस्पतीचा अर्क पल्पवर वापरायचा असेल तर परवानगीचा हा प्रश्न हमखास निघतो. 'नैसर्गिक आहे' हे उत्तर चालत नाही. घटक, शुद्धता, निर्जंतुकीकरण आणि आधीचे सुरक्षिततेचे पुरावे मांडावे लागतात. पूर्णपणे नवे दंतसाहित्य हे वैद्यकीय उपकरणात मोडते. त्यासाठी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली एमडी-२२ या नमुन्यात अर्ज करून एमडी-२३ या नमुन्यात परवानगी घ्यावी लागते. परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही प्रस्ताव जातो.

पात्रतेचे निकष: इथे घाई नको

'४ ते ८ वर्षे वयाची, कीड लागलेली मुले' एवढ्यावर पात्रता ठरत नाही. वय मुलाचे असले तरी उपचार दाताचा असतो, म्हणून निकष दोघांचे लिहायचे. पल्पोटॉमीचा अभ्यास घ्या. दाढ जिवंत हवी, आपोआप उठणारी किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना नको, हिरडीवर पुळी नको, दात अवाजवी हलता नको, एक्स-रेमध्ये मुळांच्या मध्ये काळसर भाग नको, मुळे एक तृतीयांशापेक्षा जास्त झिजलेली नकोत आणि वर क्राउन बसेल एवढा दात शिल्लक हवा.

आणखी एक निकष खुर्चीतच ठरतो. वरचा पल्प काढल्यावर ओल्या कापसाच्या बोळ्याने पाच मिनिटांत रक्त थांबले नाही, तर मुळांतला पल्पही सुजलेला आहे असे समजून त्या दाताला पल्पोटॉमी करत नाहीत. संमती झाली, भूल दिली, दात उघडला आणि मूल अपात्र ठरले, असे इथे होऊ शकते. म्हणून प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, दोन वाक्ये स्पष्ट हवीत. पहिले: गट ठरवणारे बंद पाकीट रक्त थांबल्यानंतरच उघडले जाईल. दुसरे: अपात्र ठरलेल्या मुलाला त्याच भेटीत कोणता उपचार मिळेल आणि त्याचा खर्च कोण करेल. पाकीट आधी उघडले की गटांची वाटणी बिघडते आणि दुसरे वाक्य नसले की कमिटी प्रस्ताव परत करते. ती बरोबरच करते.

दात पडण्याचे वयही पाहा. दुधाची पहिली दाढ साधारण ९ ते ११ वर्षांत पडते. आठ वर्षांचे मूल घेऊन २४ महिन्यांचा फॉलो-अप लिहिला, तर काही दात आपणहून पडणार. ते यश, अपयश की वगळलेली नोंद, हे आधीच लिहून ठेवा.

एकाच मुलाचे दोन दात म्हणजे दोन स्वतंत्र सहभागी नव्हेत. स्प्लिट-माउथ रचना (एकाच तोंडात एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा उपचार) आकर्षक वाटते, पण फ्लोराइड सोडणारे साहित्य एका बाजूला लावले तरी लाळेतून दुसरीकडे पोचते. शिवाय दोन्ही बाजूंना एकाच भेटीत भूल द्यायची तर मात्रेचा हिशेब बदलतो. लिडोकेनची मर्यादा दर किलोला ४.४ मिलिग्रॅम धरली, तर १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के द्रावणाचे ३.३ मिलिलिटर. बाटलीतून सिरिंजमध्ये औषध काढणाऱ्या विभागात हा आकडा मुलाच्या केस शीटवर वजनाशेजारीच लिहिलेला असावा.

नमुनासंख्येत एक चूक सारखी दिसते. गटात ४० मुले हवीत आणि २० टक्के गळती धरली, तर ४० मध्ये ८ मिळवून ४८ लिहितात. ४८ मधून २० टक्के गेले तर ३८ उरतात. ४० ला ०.८ ने भागून ५० घ्यायचे.

पालकांची संमती आणि मुलाची असेंट

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०१७ मध्ये मुलांवरील संशोधनासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. सात वर्षांखालील मुलासाठी पालकांची लेखी संमती पुरते. ७ ते १२ वयात त्याशिवाय मुलाची तोंडी असेंट, म्हणजे त्याचा स्वतःचा होकार, पालकांसमोर घेऊन तिची नोंद करायची. १२ ते १८ वयात लेखी असेंट लागते. धोका किमान असेल किंवा मुलाला थेट फायदा असेल तर साधारणपणे एका पालकाची सही चालते. धोका त्याहून जास्त असेल किंवा मुलाला फायदा काहीच नसेल, तर दोघांची संमती लागू शकते.

ओपीडीत मुलाला बऱ्याचदा आजी, मामा किंवा शेजारच्या काकू घेऊन येतात. ते कायदेशीर पालक नसतील तर त्यांची सही संशोधनासाठी चालत नाही. नेहमीचा उपचार करा, माहितीपत्रक घरी द्या आणि आई किंवा वडील आले की संमती घ्या. शाळेतल्या अभ्यासात मुख्याध्यापकांचे पत्र हे फक्त आवारात येण्याची परवानगी असते, ते पालकांच्या संमतीच्या जागी चालत नाही. पालकांना वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर सगळे वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचा आणि साक्षीदाराची सही घ्यायची. तो साक्षीदार अभ्यासाच्या चमूतला नको.

माहितीपत्रकात अडचणीची गोष्टच ठळक लिहा. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. समोरच्या दातांवर ते लावणार असाल तर नुसते 'रंगात बदल संभवतो' लिहून भागत नाही, काळ्या पडलेल्या दाताचा फोटो दाखवा. असेंट फॉर्मची भाषा मुलाशी बोलतो तशी हवी: 'तुझ्या किडलेल्या दाताला आम्ही एक औषध लावणार आहोत. दातावरची कीड काळी दिसेल. नको वाटलं तर सांग, कुणी रागावणार नाही. तरीही तुझा दात आम्ही बरा करू.' इंग्रजी मसुदा मराठीत आणला की दुसऱ्या व्यक्तीकडून तो परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ मसुद्याशी ताडून पाहा.

सहभागासाठी पालकांना पैसे देऊ नयेत. प्रवासखर्चाची भरपाई चालते, पण रक्कम प्रस्तावात लिहिलेली हवी.

फाइलमध्ये काय लागते?

विभागप्रमुखांचे पत्र, आयसीएमआरच्या सामायिक नमुन्यातला अर्ज, आवृत्ती क्रमांक आणि तारखेसह प्रोटोकॉल, मराठी आणि इंग्रजी माहितीपत्रक व संमतीपत्र, वयानुसार असेंट फॉर्म, केस रेकॉर्ड फॉर्म, संशोधकांचे सही केलेले सीव्ही आणि जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, खर्चाचा तपशील, हितसंबंधांचे निवेदन, आणि वापरायच्या साहित्याची उत्पादक माहिती. फक्त संशोधनासाठी जादा एक्स-रे काढणार असाल तर त्याचे कारण वेगळे द्या. उपचाराच्या फॉलो-अपमध्ये लागणारा एक्स-रे आणि तुमच्या तक्त्यासाठी काढलेला एक्स-रे कमिटीच्या नजरेत एक नसतात. मुलाचा चेहरा दिसणारे फोटो घेणार असाल तर त्याची संमती स्वतंत्र रकान्यात घ्या.

मुले असुरक्षित गटात येतात, त्यामुळे असे उपचारांचे प्रस्ताव सहसा पूर्ण बैठकीत जातात. कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात आणि कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान उपस्थिती, पाचांचा असतो. शंका आल्या तर बदललेली प्रत नव्या आवृत्ती क्रमांकाने द्या. जुन्याच क्रमांकाची प्रत दिली की मंजुरी नेमकी कोणत्या मसुद्याला मिळाली, हा घोळ शेवटपर्यंत सुटत नाही.

सीटीआरआयचा अर्ज

नोंदणी मोफत आहे. खाते उघडून अर्ज भरला की आधी एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो नोंदणी क्रमांक नव्हे. तपासणीत शंका निघतात, त्यांची उत्तरे द्यावी लागतात, आणि मंजुरीपत्र अपलोड झाल्यावरच सीटीआरआय, वर्ष, महिना अशा क्रमाचा खरा नोंदणी क्रमांक येतो. अर्जात प्रबंध असल्याची नोंद करा, आजारासाठी आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणातला कोड निवडा, आणि मुख्य निष्कर्षासोबत मोजणीची वेळ लिहा. 'यश' एवढा शब्द पुरत नाही. '१२ महिन्यांनी वेदना, पुळी आणि एक्स-रेमध्ये मुळांमधला काळसर भाग नसणे' असे हवे. पहिल्या सहभागीची तारीख पुढची ठेवा, कारण तपासणीच्या फेऱ्यांत आठवडे जातात आणि लिहिलेली तारीख उलटून जाते.

मंजुरीपत्रातले शीर्षक, नमुनासंख्या आणि संशोधकाचे नाव अर्जाशी तंतोतंत जुळायला हवे. पुढे काही बदलले तर आधी कमिटीकडे दुरुस्ती मंजूर करून घ्या आणि मग सीटीआरआयवर बदला. तिथला प्रत्येक बदल तारखेसह सर्वांना दिसतो.

अभ्यास चालू असताना गंभीर प्रतिकूल घटना घडली, उदाहरणार्थ भुलीची तीव्र ॲलर्जी किंवा क्राउन श्वासनलिकेत जाऊन मुलाला दाखल करावे लागणे, तर २४ तासांत कमिटीला कळवा. औषध नियंत्रकांच्या परवानगीने चाललेल्या चाचणीत त्यांना आणि प्रायोजकालाही त्याच मुदतीत कळवायचे असते.