आंतरराष्ट्रीय उड्डाण परवानगी

एखाद्या देशाच्या हवाई हद्दीत परदेशी विमानाला प्रवेश करण्यासाठी, तिथे उतरण्यासाठी, तिथून निघण्यासाठी किंवा न उतरता ती हद्द ओलांडून पुढे जाण्यासाठी त्या देशाच्या सरकारकडून घ्यावी लागणारी पूर्वसंमती म्हणजे आंतरराष्ट्रीय उड्डाण परवानगी होय. प्रवाशाच्या व्हिसाशी तिचा संबंध नाही; ती विमानाला, त्याच्या फेरीला आणि ती चालवणाऱ्या कंपनीला मिळते.

या व्यवस्थेचा पाया 7 डिसेंबर 1944 रोजी शिकागो येथे स्वाक्षऱ्या झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारात आहे. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे, असे या कराराचे पहिलेच कलम सांगते. सहाव्या कलमानुसार वेळापत्रकाप्रमाणे चालणारी कोणतीही परदेशी विमानसेवा विशेष परवानगीखेरीज दुसऱ्या देशात जाऊ शकत नाही. अनियमित उड्डाणांना, म्हणजे चार्टर (एखाद्या फेरीसाठी पूर्ण भाड्याने घेतलेल्या), खासगी आणि तत्सम विमानांना, पाचव्या कलमाने बरीच मोकळीक दिलेली दिसते. परंतु त्याच कलमातील अटी घालण्याच्या अधिकाराचा आधार घेऊन बहुतेक देश त्यांच्याकडूनही आधी परवानगी मागतात. लष्करी, सीमाशुल्क आणि पोलीस सेवेतील विमाने सरकारी मानली जातात व त्यांना हा करार लागूच होत नाही. त्यांची परवानगी परराष्ट्र मंत्रालयांमार्फत, राजनैतिक मार्गाने घ्यावी लागते.

नियमित सेवांची परवानगी व्यवहारात द्विपक्षीय हवाई सेवा करारांतून येते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील 1946 चा बर्म्युडा करार अशा करारांचा नमुना ठरला. कोणत्या शहरांना उड्डाणे करता येतील, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने देता येतील आणि त्यांचा वापर कोणत्या कंपन्या करतील, हे त्यांत ठरते. परदेशी कंपनीला आणखी प्रवासी मिळत असले तरी करारातील आसने संपल्यावर जादा फेरी सुरू करता येत नाही, आणि म्हणूनच आखाती देशांच्या कंपन्या भारताकडे आसनसंख्या वाढवण्याची मागणी वारंवार करत आल्या आहेत. सार्क देश आणि दिल्लीपासून 5,000 किलोमीटरपलीकडील देश यांच्याशी परस्पर तत्त्वावर ही मर्यादा काढून टाकण्याची भूमिका भारताने 2016 च्या नागरी विमान वाहतूक धोरणात घेतली.

भारतात ही परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. अनियमित उड्डाणाच्या मंजुरीला ‘वायए’ क्रमांक मिळतो आणि तो फ्लाइट प्लॅनमध्ये नमूद करावा लागतो. एवढ्याने काम भागत नाही. हवाई संरक्षण मंजुरीचा ‘एडीसी’ क्रमांक वेगळा घ्यावा लागतो आणि त्यामागे हवाई दलाची यंत्रणा असते. ज्या विमानतळावर उतरायचे तिथे सीमाशुल्क आणि इमिग्रेशनची सोय असली पाहिजे आणि स्लॉटही, म्हणजे उतरण्या-निघण्याची ठरलेली वेळही, मिळाला पाहिजे. गोव्यातील दाबोळी विमानतळ हा नौदलाच्या ‘हंसा’ तळाचा भाग आहे, तर पुण्याचे लोहगाव हवाई दलाच्या अखत्यारीत येते. त्यामुळे या दोन ठिकाणी संरक्षण दलांची संमतीही जमेस धरावी लागते. रशिया व ब्रिटनमधून गोव्यात येणाऱ्या पर्यटकांच्या चार्टर विमानांना याची जाणीव अनेक वर्षे होती. जानेवारी 2023 मध्ये मोपा येथील मनोहर विमानतळ सुरू झाल्यावर त्यांना दुसरा पर्याय मिळाला.

तपासणीचे इतके टप्पे असूनही ही व्यवस्था किती तोकडी पडू शकते, हे पुरुलिया प्रकरणाने दाखवून दिले. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री अँटोनोव्ह-26 जातीच्या परदेशी विमानातून पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात शस्त्रास्त्रे टाकण्यात आली. त्याआधी ते विमान इंधनासाठी वाराणसीला उतरले होते. काही दिवसांनी तेच विमान भारतीय हद्दीतून परत जात असताना त्याला मुंबई विमानतळावर उतरवण्यात आले, पण मुख्य सूत्रधार तिथून निसटला. अर्जात लिहिलेला माल आणि विमानात असलेला माल यांची सांगड केवळ कागद पाहून घालता येत नाही, हा या घटनेचा धडा गंभीर आहे.

परवानगीचे राजकीय मोल ती नाकारली जाते तेव्हा कळते. 30 जानेवारी 1971 रोजी इंडियन एअरलाइन्सच्या ‘गंगा’ या विमानाचे अपहरण करून ते लाहोरला नेण्यात आले आणि तिथे जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पश्चिम आणि पूर्व पाकिस्तानमधील थेट हवाई मार्ग त्यामुळे तुटला व विमानांना श्रीलंकेला वळसा घालून जावे लागले. पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे तक्रार केली. भारताने परिषदेच्या अधिकारक्षेत्रालाच आव्हान दिले, परंतु 18 ऑगस्ट 1972 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते अपील फेटाळले. तोपर्यंत बांगलादेश स्वतंत्र झाला होता. भारत आणि पाकिस्तानमधील हवाई संबंध 1976 मध्ये पूर्ववत झाले.

पुढे फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली आणि ती जुलैमध्ये खुली केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या आइसलँड दौऱ्याच्या विमानाला पाकिस्तानने वाट नाकारली. एप्रिल 2025 पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले आणि नोटॅमद्वारे, म्हणजे वैमानिकांसाठी काढल्या जाणाऱ्या अधिकृत सूचनेद्वारे, ही बंदी वेळोवेळी वाढवत नेली. वळसा घेतल्याने उड्डाणाचा वेळ आणि इंधनखर्च वाढतो व त्याचा भार अखेर प्रवाशांवर पडतो.

कोविड साथीत भारताने 23 मार्च 2020 पासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी सेवा बंद केल्या. त्या 27 मार्च 2022 रोजी पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेची उड्डाणे, निवडक देशांशी झालेल्या ‘एअर बबल’ या मर्यादित उड्डाणांच्या तात्पुरत्या व्यवस्था आणि प्रत्येक वेळी स्वतंत्र मंजुरी घेतलेली चार्टर विमाने एवढेच मार्ग उरले होते.

संकटातील विमानाला मात्र परवानगीअभावी परत पाठवणे अपेक्षित नाही. शिकागो कराराचे 25 वे कलम अशा विमानाला शक्य ती मदत करण्याचे बंधन घालते. 1 सप्टेंबर 1983 रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअरलाइन्सचे विमान पाडले जाऊन 269 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर उड्डाणात असलेल्या नागरी विमानांविरुद्ध शस्त्रे वापरणे टाळावे, अशी तरतूद 1984 मध्ये स्वीकारण्यात आली आणि ती 1998 मध्ये अमलात आली. विनापरवानगी शिरलेल्या नागरी विमानाला अडवून उतरण्याचा आदेश देण्याचा राष्ट्राचा अधिकार या तरतुदीतही कायम आहे.