जुने बँड स्वतःसाठी गातात की हिटसाठी? या वादामागचा इतिहास

एखाद्या जुन्या बँडचा नवा अल्बम आला की दोन तट पडतातच. एक म्हणतो यांना आता काही सिद्ध करायचं नाहीये, मनाला येईल ते करतायत, दुसरा म्हणतो छे, परत चार्टवर यायची धडपड आहे. दोघंही बँडच्या मनात काय चाललंय यावर भांडतात, पण गेल्या साठेक वर्षांचा इतिहास बघितला तर मला वाटतं खरा फरक पडतो तो बँडच्या मागे आधीचे किती हिट जमा आहेत याने, आणि तो वयाच्या कोणत्या टप्प्यावर उभा आहे याने.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाचा हॉट १०० हा चार्ट, म्हणजे गाण्यांची क्रमवारी, १९५८ मध्ये सुरू झाला, बँडने सिंगल म्हणजे सुटं गाणं काढायचं, रेडिओवर वाजलं की टूर करायची, की लगेच पुढचं सिंगल. बीटल्सने २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये शेवटचा तिकीटवाला शो केला आणि सरळ स्टुडिओत जाऊन बसले. ते परवडलं कारण त्यांच्या रेकॉर्ड्स तुफान विकल्या जात होत्या, लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, त्यांना घाई करूच शकत नव्हतं. त्याच वर्षी बीच बॉइज बँडच्या ब्रायन विल्सनने 'पेट साउंड्स' केला, आज तो अल्बम सगळे डोक्यावर घेतात, पण तेव्हा अमेरिकेत दहाव्या नंबरच्या वर गेला नाही आणि कॅपिटॉल लेबलने दोन महिन्यांच्या आत त्यांच्या जुन्या हिट्सचं कलेक्शन बाजारात आणलं. ज्याने इतकं जीव ओतून काम केलं त्याला आपल्याच जुन्या गाण्यांशी स्पर्धा करावी लागली, हे मला आजही लागतं.

मग येतो फ्लीटवुड मॅक हा बँड, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण हेच. १९७७ चा त्यांचा 'रूमर्स' हा अल्बम अमेरिकेत ३१ आठवडे एक नंबरवर होता. लेबलला अर्थातच तसाच दुसरा हवा होता. बँडचा गिटारिस्ट लिंडसे बकिंगहॅमने ठरवलं की तसाच दुसरा करायचा नाही, त्याने काही गाणी घरीच रेकॉर्ड केली, ड्रमऐवजी टिश्यू पेपरचा डबा वाजवला, आवाज वेगळा यावा म्हणून बाथरूमच्या फरशीवर ओणवा होऊन गायला, आणि नव्या अल्बमच्या टायटल साँगसाठी तर कॉलेजचा अख्खा मार्चिंग बँड लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये उभा करून वाजवून घेतला. १९७९ मध्ये 'टस्क' आला, डबल अल्बम, खर्च दहा लाख डॉलरच्या वर. खप 'रूमर्स'च्या जवळपासही गेला नाही आणि तो फ्लॉप ठरवला गेला. पण हा हट्ट पुरवायला पैसा आणि वजन कुठून आलं, तर 'रूमर्स'मधूनच. स्वतःसाठी केलेलं संगीत बहुतेक वेळा आधीच्या हिट्सच्या जिवावरच उभं असतं, त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं धरून चालणं मला पटत नाही.

हिटसाठी सगळ्यात जास्त तडफड दिसते ती बँडच्या मधल्या वयात, म्हातारपणी नाही. १९८१ मध्ये एमटीव्ही हे गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं चॅनेल आलं आणि सत्तरच्या दशकातले बँड एकदम जुने दिसायला लागले. शिकागो या बँडची ओळखच ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची, पण १९८२ मध्ये प्रोड्यूसर डेव्हिड फॉस्टरबरोबर केलेल्या बॅलडने, म्हणजे संथ प्रेमगीताने, ते परत एक नंबरला गेले आणि ती वाद्यं मागे पडली. हार्ट बँडच्या विल्सन बहिणी स्वतः लिहिणाऱ्या, तरी १९८६ आणि १९८७ मधली त्यांची दोन्ही एक नंबरची गाणी बाहेरच्या लोकांनी लिहिलेली. एरोस्मिथ १९७० पासूनचा बँड, त्यांना अमेरिकेत पहिला एक नंबर मिळाला १९९८ मध्ये, तोही बाहेरची गीतकार डायन वॉरन हिच्या गाण्याने. यांना विकले गेले म्हणणं सोपं आहे, पण लेबल हात काढून घेणार की ठेवणार अशी वेळ असते तेव्हा माणूस काय करणार. आणि ऐकलं नाही तर काय होतं तेही दिसलंच होतं, नील यंग बँड नाही, एकटा कलाकार, पण १९८३ मध्ये गेफन लेबलने त्याच्यावर थेट दावा ठोकला, कारण काय तर तो स्वतःसारखी गाणी करत नाही.

पुढे रेकॉर्डचा खप घसरला आणि पैसा कॉन्सर्टकडे सरकला. तिकडे लोक जुनी गाणी ऐकायला येतात, म्हणजे नवा अल्बम चालला काय नि नाही काय, टूर भरतेच. रोलिंग स्टोन्सने २००५ नंतर थेट २०२३ मध्ये स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, मधल्या १८ वर्षांत शोज मात्र होत राहिले. पण मोकळीक मिळाली म्हणून ऐकलं जाण्याची भूक मरत नाही. यू-टू बँडने २०१४ मध्ये नवा अल्बम अॅपलतर्फे जवळपास ५० कोटी आयट्यून्स खात्यांमध्ये न मागता टाकला, लोक इतके चिडले की तो काढून टाकायचं वेगळं टूल द्यावं लागलं. पैशाची चणचण म्हणून कोणी हे करत नाही, सगळ्यांच्या कानापर्यंत पोचायचं होतं.

टिअर्स फॉर फिअर्स या ब्रिटिश बँडच्या बाबतीत तर स्वतःसाठी गाणं आणि हिटची धडपड या दोन्ही गोष्टी एकाच अल्बममध्ये सापडतात. १९८५ मध्ये अमेरिकेत दोन एक नंबरची गाणी देणारे हे दोघं, रोलंड ऑर्झाबल आणि कर्ट स्मिथ. २००४ नंतर अल्बम नव्हता, मग मॅनेजमेंटने त्यांना आजच्या काळातल्या हिट लिहिणाऱ्यांबरोबर बसवलं, बरीच गाणी तयारही झाली, पण ती आपली वाटेनात. मधल्या काळात ऑर्झाबलची पत्नी दीर्घ आजारानंतर २०१७ मध्ये वारली. शेवटी दोघंच अकूस्टिक गिटार घेऊन समोरासमोर बसले आणि तिथून अल्बम नव्याने उभा राहिला, टायटल साँग त्या आजारपणातूनच आलं. 'द टिपिंग पॉइंट' फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये दोन नंबरपर्यंत गेला. हिटवाल्यांबरोबर केलेली सगळी गाणी मात्र त्यांनी फेकली नाहीत, त्यातली काही पुन्हा काम करून याच अल्बममध्ये आहेत.