ठासणीच्या रायफलीतील गोळी आणि सॅबो

ठासणीच्या रायफलीला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, तिच्यावर गोळी ठेवायची, गजाने ठासून दारूवर नीट टेकवायची. मागे टोपी (ठोक्याने पेटणारी धातूची छोटी वाटी) किंवा रंजक (पेटवणीची बारीक दारू) पेटली की बार निघतो. जे काम काडतुसाच्या कारखान्यात एकदा ठरून जाते, ते इथे दर खेपेला नेमबाजाच्या हातून होते. दारू किती घालावी, गोळी कोणत्या घडणीची घ्यावी आणि ती नळीत कशाच्या आधाराने बसवावी, हे एकेका रायफलीपुरते निशाणावर तपासून ठरवावे लागते. या शोधाला ‘बार जमवणे’ म्हणायला हरकत नाही. त्याचे माहेर सध्या अमेरिका आहे. तेथील अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो.

सगळ्या खटाटोपाचे मूळ एका अडचणीत आहे. गोळी तोंडातून आत जायची तर ती नळीपेक्षा किंचित बारीक हवी. पण बारीक गोळी नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, धरत नाही आणि दारूचा वायू तिच्या कडेने निसटतो. यावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे चिंधी. अर्धा इंच (१२.७ मिमी) व्यासाच्या नळीत साधारण ०.४९० इंचाचा शिशाचा गोल गोळा तेल-चरबी लावलेल्या सुती चिंधीत धरून ठासतात. गोळा आट्यांना शिवत नाही, चिंधी शिवते आणि फिरकी गोळ्याला देते. दुसरा उपाय फ्रान्सच्या क्लोद एत्येन मिनिए यांच्या नावाने ओळखला जातो. १८४०च्या दशकातली ही लांबट गोळी बुडाशी पोकळ असते, वायूच्या दाबाने फुगते आणि आटे पकडते.

तिसरा उपाय सॅबो. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ लाकडी जोडा. बंदुकीत तो प्लास्टिकच्या छोट्या पेल्यासारखा असतो आणि त्याच्या कडा पाकळ्यांसारख्या चिरलेल्या असतात. नळी अर्ध्या इंचाची असली तरी पेल्यात ०.४५ इंचाची पिस्तुलाची गोळी बसते. बार निघाला की पेला आटे धरून गोळीला फिरवतो. तोंडाबाहेर पडताच हवेच्या रेट्याने पाकळ्या उलगडतात, पेला मागे पडतो आणि गोळी एकटी पुढे जाते. रणगाडाभेदी तोफगोळ्यांत ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात वापरली गेली होती. ठासणीच्या रायफलींत ती १९८०च्या दशकात रुळली. अमेरिकन बंदूककार टोनी नाइट यांची एमके-८५ ही रायफल १९८५ची. तिच्यात टोपी नळीच्या थेट मागे, सरळ रेषेत असते, आणि याच धाटणीच्या रायफलींनी सॅबोला बाजार मिळवून दिला.

पीळ : आटे किती अंतरात एक फेरा घेतात त्याला पीळ म्हणू. गोल गोळ्याला मंद पीळ मानवतो, ६६ इंचांत एक फेरा असा. गोळी जितकी लांब तितका पीळ जलद हवा. हे नाते ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये सूत्रात मांडले. सॅबोसाठीच्या आजच्या रायफलींत २८ इंचांत एक फेरा सर्रास आढळतो. ४८ इंचांचा पीळ ही मधली तडजोड, म्हणजे दोन्ही गोळ्या चालतात पण लाडकी एकही नाही. नळीचा पीळ न पाहता सॅबोची पाकिटे आणणारा माणूस पैसे आणि दुपार दोन्ही घालवतो.

प्रयोग : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि फार थोडे पाळतात. दारू बदलली तर गोळी तीच, गोळी बदलली तर दारू तीच. दारू वजनाने नव्हे, मापाने भरतात. काळ्या दारूऐवजी वापरल्या जाणाऱ्या पायरोडेक्ससारख्या पर्यायांचे ‘१०० ग्रेन’ (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) हे काळ्या दारूच्या मापात मोजलेले असतात. तराजूवर ते कमी भरतात. वजन करून तेवढेच ओतणारा नकळत जास्त भरतो. रायफल बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. काडतुसातली धूरविरहित दारू तर तिच्यासाठी न घडवलेल्या नळीत मुळीच नाही, नळी फुटते. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तरी नळीला धोका असतो. म्हणून गजावर एक खूण करून ठेवतात: खूण तोंडाशी आली म्हणजे गोळी टेकली. रिकाम्या नळीसाठी वेगळी खूण केली, तर बार भरलेला आहे की नाही तेही कळते.

प्रत्येक बारानंतर नळीत काजळी साचते आणि पुढची गोळी ठासायला जड जाते. ओलसर चिंधी एकदा खाली-वर, मग कोरडी, हा क्रम दर खेपेला सारखा ठेवावा लागतो. नाहीतर तपासली जाते ती पुसण्यातली हयगय. तापलेल्या नळीत प्लास्टिक मऊ पडते, त्यामुळे उन्हाळ्यात दोन बारांत थांबणे भाग असते. सगळ्यांत बोलका पुरावा मात्र निशाणावर नसतो. तो रायफलीपुढे काही पावलांवर गवतात पडलेला असतो. वेचलेल्या सॅबोच्या पाकळ्या सारख्या उलगडलेल्या असतील तर ठीक. एखादी तुटलेली असेल तर गोळीला सुटताना धक्का बसला. बूड वितळून भोक पडले असेल तर वायू आत शिरला. मग दारू कमी करतात किंवा सॅबोखाली बुचासारखी चकती घालतात.

निशाणावर पाच गोळ्यांच्या भोकांचा झुबका सुबक दिसतो, पण शिकाऱ्याच्या कामाचा असतो तो थंड, स्वच्छ नळीतला पहिला बार. वेगवेगळ्या दिवशीचे पहिले बार एकाच कागदावर जमवले, तर रायफलीचा खरा स्वभाव उमगतो.

सॅबो सगळीकडे चालत नाही. कोलोराडोत ठासणीच्या हंगामात सॅबो आणि वडीच्या रूपातली दारू दोन्ही निषिद्ध आहेत. उलट कॅलिफोर्नियात जुलै २०१९पासून शिकारीला शिसे वर्ज्य झाले. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि आट्यांत सहज दबतही नाही. तिथे सॅबो आणि जलद पीळ उपयोगी पडतात.

भारतातली ठासणीची बंदूक वेगळ्या जातीची. तिची नळी सहसा बिनआट्याची असते, ती छर्ऱ्यांसाठी, आणि शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी तिच्या परवान्याची स्वतंत्र सोय आहे. सॅबोची चुलत बहीण मात्र आपल्या इतिहासात गाजलेली आहे. १८५३च्या एनफील्ड रायफलीची गोळी ०.५७७ इंचाच्या नळीत तिच्या कागदासकट ठासली जाई. गोळीभोवतीचा हा कागद चरबी लावून गुळगुळीत केलेला असे आणि ओढणीसारखा गोळीला नळीत लपेटून नेई. दारू आणि गोळी याच कागदाच्या एका पुडीत असत; शिपायाला दाताने फाडावे लागे ते त्या पुडीचे दारूकडचे टोक. १८५७चा भडका ज्या चरबीवरून उडाला, ती या कागदावरची.