जुनी स्पीडबोट की नवी? सौदा करण्याआधी एवढं वाचा

दिवाळी उलटली की आमच्या शेडसमोर ट्रेलर लागायला सुरुवात होते. कुणी मुंबईहून जुनी स्पीडबोट उचललेली असते, कुणाला मांडव्याच्या ओळखीतून 'पडत्या भावात' मिळालेली असते. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "घेतली ते बरं केलं ना?" घेण्याआधी विचारलंत तर खरं उत्तर देता येतं, घेतल्यावर नुसता धीर देता येतो. म्हणून हे पत्रक.

आम्ही रेवदंड्याला खाडीकाठी बोटींची फायबरची आणि आउटबोर्ड इंजिनांची, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनांची, कामं करतो. बोटी विकत नाही, कुणाची एजन्सी घेतलेली नाही. जुनी बोट घेतलीत तर आमचं काम वाढतं, हेही आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. बोट आणि इंजिन हे दोन वेगळे सौदे समजा. विकणारा दोन्हींचा मिळून एक आकडा सांगतो, कारण त्यात त्याचं भलं असतं. पण दोघांची म्हातारपणं वेगळी असतात. पंचवीस वर्षांची बोट धडधाकट असू शकते; तिच्यामागचं पंचवीस वर्षांचं इंजिन बहुधा नसतं.

जुन्यांचं बूड चांगलं का असतं

ज्या जुन्या बोटी 'शर्यतीच्या जातीच्या' म्हणून विकल्या जातात, त्यांचं बूड खोल 'व्ही' आकाराचं असतं. हा आराखडा अमेरिकेतल्या रेमंड हंट यांचा. १९६० साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत खवळलेल्या समुद्रात त्यांच्या आराखड्याची 'मॉपी' जिंकली आणि पुढे बर्ट्रम ३१ ही प्रसिद्ध बोट त्यातूनच निघाली. त्यानंतर वेगाच्या बोटी बांधणाऱ्यांनी हाच आकार उचलला. बोटीच्या मागे उभं राहून पाहिलंत तर बुडाच्या दोन्ही बाजू आडव्या रेषेपासून २४ अंशांच्या आसपास वर उचललेल्या दिसतात. लाटेवर आपटण्याऐवजी हे बूड लाट चिरत जातं.

आजच्या बऱ्याच कौटुंबिक स्पीडबोटींत हाच कोन १८ ते २१ अंशांवर आलाय. त्यात लबाडी काही नाही. बूड जितकं चपटं, तितकी बोट कमी ताकदीत पाण्यावर उचलली जाते, पेट्रोल कमी पिते आणि नांगर टाकल्यावर स्थिर राहते. शिवाय रुंदी वाढवून पुढच्या नाळेतसुद्धा गाद्या बसवता येतात. आठवड्यातून एकदा मुलाबाळांना घेऊन फिरणाऱ्याला हेच हवं असतं.

पण आपला समुद्र कसा आहे ते बघा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, पाणी तेलासारखं गुळगुळीत. त्या वेळी कुठलीही बोट राजहंस. दुपारी दोननंतर वायव्येचा खारा वारा सुटतो आणि खाडीच्या तोंडावरच्या कोर्लईच्या टोकाबाहेर आखूड, उभ्या लाटा उठतात. त्यातच ओहोटी खाडीबाहेर धावत असली, म्हणजे पाणी आणि वारा समोरासमोर आले, तर तोंडाशी अक्षरशः पायऱ्या तयार होतात. तिथून २० नॉटने (तासाला २० सागरी मैलांनी) परत येताना चपट्या बुडाची नवी बोट पाठीचे मणके मोजून घेते. जुनी खोल बुडाची त्याच वेगाने, निदान बोलता येईल इतक्या शांततेत, आत येते. तीच जुनी बोट गळ टाकून उभी केलीत की पाळण्यासारखी डुलते आणि पाहुण्यांना उलट्या होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुम्ही दुपारी बाहेर असता की नाही, यावर ठरवा.

काही नव्या वेगवान बोटींच्या बुडाला आडव्या पायऱ्या असतात. त्यातून हवा खाली शिरते, पाण्याला चिकटणारा भाग कमी होतो आणि वेग वाढतो. मात्र वेगात असताना थ्रॉटल झटकन खाली ओढून वळवलीत तर अशी बोट मागून सटकून गरकन फिरू शकते. हात बसला नसेल तर पहिली बोट म्हणून ही घेऊ नका.

हातोडीची परीक्षा

आता जुन्यांचं दुखणं. त्या काळात मागची फळी, म्हणजे ज्यावर इंजिन टांगतात ती, बहुतेक वेळा प्लायवूडची करून वर फायबर चढवलेलं असायचं. बुडातल्या आडव्या-उभ्या कण्यांतही लाकूड. फायबर कुजत नाही, आतलं लाकूड कुजतं. एखादा बोल्ट नीट सील न करता बसवला की तिथून पाणी शिरतं आणि वर्षानुवर्षं आतच राहतं. बाहेरून पॉलिश मारलेली बोट नव्या नवरीसारखी दिसते.

गेल्या वर्षी एक १८ फुटी बोट आली. मालक खूश होता, रंग खरंच सुंदर होता. आमच्या मिस्त्रीकाकांनी प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी घेतली आणि मागची फळी वरून खाली ठोकत आले. वर टण, टण. इंजिनाच्या खालच्या बोल्टांशी आवाज बदलला: ठप, ठप, जणू ओल्या पोत्यावर मारतोय. मालकाला विचारून तिथे आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडलं. ड्रिलच्या टोकाला पिवळा कोरडा भुसा यायला हवा होता. आला काळा, ओला चिखल, आणि त्याला पावसाळ्यात भिजलेल्या गोठ्याचा वास. भोकातून पुढची दहा मिनिटं पाणी ठिबकत होतं. मालक बराच वेळ काही बोलला नाही.

ही परीक्षा तुम्हीही करू शकता. हातोडी न्या आणि आवाज ऐका. मग इंजिन थोडं वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर शरीराचा भार टाका आणि फळीकडे बघा. फळी हलली, किंवा बोल्टांभोवती केसासारख्या भेगा उघडल्या, तर त्या बोटीला चहा पिऊन नमस्कार करा. फळी बदलता येते, आम्ही बदलतो, पण तो खर्च बोटीच्या किमतीतून वजा झाला पाहिजे. बोट तरंगावी म्हणून तिच्या आतल्या फळ्यांखाली भरलेला फोम पाणी पिऊन जड झालेला असतो, तेही बघा. शक्य असेल तर ट्रेलरसकट वजनकाट्यावर घ्या आणि बांधणाऱ्याच्या माहितीपत्रकातल्या वजनाशी ताडून पाहा.

नव्या बोटींत बरेच बांधणारे लाकूड वापरतच नाहीत. फळी आणि कणे कंपोझिटचे असतात. इथे नवी बोट निर्विवाद पुढे.

इंजिनात जुनं सोनं नसतं

जुन्या टू-स्ट्रोकचं कौतुक आम्हालाही आहे. प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, त्यामुळे इंजिन हलकं आणि जागेवरून उसळी जोरदार. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. पण जुन्या कार्बुरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्सा पेट्रोल न जळताच धुरातून बाहेर जाऊ शकतं. किनाऱ्यावर पाण्यावर तरंगणारा रंगीत तवंग दिसतो तो त्याचाच.

पेट्रोलचा हिशेब करताना लोक फुल थ्रॉटलचा आकडा विचारतात. तिथे फरक मोठा नाही: १५० हॉर्सपॉवरला जुनं साधारण ६० लिटर तासाला, नवं ५५ च्या आसपास. खरा फरक मधल्या वेगात, जिथे बोट दिवसभर चालते. तिथे जुनं ४० लिटर मागत असेल तर नवं २६-२७ मध्ये भागवतं. आकडे अंदाजाचे आहेत. पंखा (प्रोपेलर), वजन आणि बुडावरचे शिंपले यांनी बदलतात. दर रविवारी तीन तास फिरणाऱ्याने गुणाकार घरी करावा, आम्ही केला की भांडणं होतात.

'जुनं १५० म्हणजे १५०' असंही धरू नका. ऐंशीच्या दशकापर्यंत आउटबोर्डची ताकद इंजिनाच्या दांड्यावर मोजून छापायचे, नंतर पंख्याच्या दांड्यावर मोजू लागले. मधल्या गिअरमध्ये ताकद खाल्ली जाते. म्हणून फार जुन्या इंजिनावरचा आकडा आजच्या मापाने कमी भरतो.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. पंपांवर २०२३ पासून ई-२० पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्के छापलेली असते, नव्या इंजिनांच्याही. तुमची पुस्तिका उघडून बघा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे हवेत ओलीची कमतरता नाही. टाकीत फार काळ पडून राहिलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं आणि इंजिन नेमकं तेच आधी ओढतं. जुन्या रबरी नळ्या याने मऊ पडून आतून सुटतात आणि कचरा कार्बुरेटरात जातो. जून ते ऑगस्टमध्ये टाकी भरून ठेवण्याची जुनी सवय सोडा. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवून घ्या. पूर्ण जुन्या इंजिनाच्या नळ्या एकदा बदलणं भागच आहे.

नव्याच्या विरोधात एकच गोष्ट बोलायची राहते, पण ती मोठी आहे. नव्या इंजिनात संगणक असतो. बॅटरी उतरली तर पंप चालत नाही, पंप नाही तर इंजिन नाही. जुनं इंजिन नाविकाने दोरी ओढून चालू केलं असतं. खाऱ्या हवेत एखादा कनेक्टर हिरवा पडला, तर बिघाड शोधायला लॅपटॉप लागतो, आणि तो लॅपटॉप कधी कधी मुंबईहून येतो. जुन्याचा पार्ट मिळणं मात्र दिवसेंदिवस अवघड होतंय. एव्हिनरूडची आउटबोर्ड तर २०२० मध्ये बनायचीच थांबली.

जुन्या इंजिनाकडून एवढं नक्की मागा: सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत, खालच्या गिअरचं तेल दुधाळ नको, आणि चालू केल्यावर थंडाव्याच्या पाण्याची पिचकारी सुरळीत. तेल दुधाळ म्हणजे सील गेलेलं आणि आत समुद्र.

"५० नॉट पळते, शेठ"

हे वाक्य आम्ही दर महिन्याला ऐकतो. पंख्याच्या मधल्या भागावर पिच इंचात कोरलेली असते. समजा १९ इंच, इंजिन ५,५०० फेऱ्यांचं आणि गिअर दोनास एक. म्हणजे पंखा मिनिटाला २,७५० वेळा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात, स्क्रू लाकडात जावा तसा, १९ इंच पुढे जायला बघतो. तासाला ते सुमारे ७९.६ किलोमीटर, म्हणजे ४३ नॉट होतात. पण पाणी लाकूड नाही. १० ते १५ टक्के घसरण धरा. उरले ३७-३८. या पंख्यावर ५० नॉट कधीच मिळणार नाहीत, कोणी शपथ घेतली तरी. गिअरचं गुणोत्तर इंजिनाच्या पुस्तिकेत मिळतं.

जुनं अंग, नवं इंजिन

आमच्याकडच्या बऱ्याच समाधानी मालकांनी हाच मार्ग धरलाय: कोरडी फळी असलेलं जुनं खोल 'व्ही' बूड आणि त्यावर नवं फोर-स्ट्रोक. यात फसगत होते ती वजनाची. फोर-स्ट्रोक सहसा जड असतं. मर्क्युरीचं ३ लिटरचं १५० च घ्या, सर्वांत हलका नमुना २०६ किलोच्या आसपास भरतो. जुनी बोट हलक्या इंजिनासाठी आखलेली असते. मागचा भाग खाली बसला की कॉकपिटमधून पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली जातात आणि पाणी उलट आत येतं. आम्ही बदलण्याआधी तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या मागे ठेवून बोट खाडीत उभी करतो आणि भोकं पाण्याच्या किती वर राहतात ते बघतो. गंमत वाटते, पण एकदा या गोण्यांनी एका मालकाचे बरेच पैसे वाचवले.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी कुणाच्या नावावर, सर्व्हे कधीचा, बोट परदेशी असेल तर कस्टमची पावती, आणि इंजिनाचा क्रमांक कागदाशी जुळतो का. एकही उत्तर 'नंतर देतो' असेल तर पैसेही नंतर द्या.

तपासणीसाठी बोट आमच्याकडे आणायची असेल तर भरतीचा तक्ता बघून सकाळची वेळ घ्या, कारण आमच्या उतारावर ओहोटीला नुसता चिखल असतो. अर्धा दिवस लागतो, फिरवून बघायची असेल तर पूल ते कोर्लई एक फेरी धरा. येताना चावी आणा, आणि चालकाच्या मनगटाला बांधायची ती इंजिन बंद करणारी लाल दोरीही. जुन्या बोटींत निम्म्या वेळा ती हरवलेली असते किंवा स्विचला कायमची खिळवून ठेवलेली. त्याशिवाय आमचा माणूस बोटीवर चढत नाही.