१९२.१६८ कुठून आला?

सोलापुरात साखर पेठेत १२ नंबरचं घर असू शकतं, तसंच दाजी पेठेतही. पेठेत नुसता नंबर सांगितला तरी घर सापडतं. टपालाला मात्र पेठ लिहावीच लागते. घरच्या वायफायवर मोबाइलला, टीव्हीला मिळणारा १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखणारा आकडा) याच जातीचा. लाखो घरांत तोच, आणि घराबाहेर त्याला अर्थ नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपीची, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवण्याच्या नियमांची, चौथी आवृत्ती ठरली. ३२ बिटांचा (० किंवा १ च्या ३२ जागांचा) पत्ता, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. संगणक मोजकेच होते, म्हणून वाटप सढळ हाताने झालं. एकट्या एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाखांवर पत्ते होते. नव्वदीत ही उधळण अंगाशी येऊ लागली. मार्च १९९४ मध्ये पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापराला राखले गेले आणि फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रकाने ते कायम झाले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. मे १९९४ मध्ये नॅटची, म्हणजे पत्ते बदलून देण्याची, कल्पना मांडली गेली. राउटर घरातल्या सगळ्यांच्या वतीने एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बोलतो. मांडणाऱ्यांनी तिला अल्पकालीन उपाय म्हटलं होतं. तीस वर्षांनंतरही आपली घरं त्यावरच चालतात, याचं मला खरोखर नवल वाटतं.

घरच्या नेटवर्कच्या आजच्या बऱ्याच तक्रारी याच खासगी पत्त्यांच्या आहेत. राउटर डीएचसीपीने (आपोआप पत्ते देण्याच्या पद्धतीने) पत्ते ठरावीक मुदतीसाठी वाटतो. यंत्रावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी वायर आणि राउटर बघा. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) हाताने दिलेला पत्ता राउटरने मोबाइललाही दिला, की दोन्ही अडखळतात. तो पत्ता राउटरमध्ये डीव्हीआरच्या नावे राखून ठेवावा. फायबरच्या राउटरमागे दुसरा जोडला आणि दोघेही १९२.१६८.१.१ असतील, तर एकाचा पट्टा बदलावा.

यंत्रमाग कारखान्यातला कॅमेरा घरून दिसत नाही, ही तक्रार वेगळी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. एप्रिल २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखला गेला. राउटरच्या सेटिंगमधल्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) रकान्यात यातला आकडा दिसला, तर कंपनी स्वतःच आणखी एक नॅट लावून बसली आहे. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी मागणी कॅमेऱ्याकडे वळवणं) कितीही केलं तरी व्यर्थ. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा, नाहीतर कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरावं.