'हौशी' शब्दाचा घोळ: मुंबईच्या पावसातल्या हॅम रेडिओची पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच २४ तासांत कुलाब्याला पडला जेमतेम ७३. फोर्टातल्या कचेरीतून पाहणाऱ्याला तो रोजचाच पाऊस वाटला आणि तिकडे कलिना, कुर्ला पाण्याखाली गेले. वीज गेली, मोबाईल मुके झाले, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कुठे किती पाणी आहे हे ज्याला डोळ्यांनी दिसत होतं, त्याला ते सांगायला वाट उरली नव्हती. मुंबईत हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन स्वतःच्या रेडिओ संचावरून एकमेकांशी बोलणाऱ्यांच्या छंदाचा, विषय निघतो तो बहुधा इथूनच.

खरं तर हा छंद भारतात शंभर वर्षांचा आहे. दुसऱ्या महायुद्धात परवाने रद्द झाले, पुढे पुन्हा मिळू लागले, आणि १९७८ च्या नियमांनी त्याला आजची चौकट दिली. आपत्तीतली ओळख त्यानंतरची. १९९३ मध्ये किल्लारी, २००१ मध्ये भूज. डिसेंबर २००४ मध्ये तर हॅमचा, म्हणजे हा छंद असलेल्यांचा, एक गट निराळ्याच कामासाठी आधीच अंदमानात होता. त्सुनामीनंतर बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायला त्याच गटाचे संच उपयोगी पडले.

मात्र या सगळ्यात एक शब्द सतत आडवा येतो, तो म्हणजे 'हौशी'. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत 'अमॅच्युअर' म्हणजे रेडिओतंत्राच्या ओढीने शिकणारी, प्रयोग करणारी, आर्थिक लाभ न घेणारी आणि रीतसर परवाना असलेली व्यक्ती. मराठीत आपण तिला हौशी म्हणून टाकलं. हौशी रंगभूमी म्हटलं की आपल्याला कामावरून सुटून रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या तालमी आठवतात, त्या शब्दाला तिथे मान आहे. रेडिओला तोच शब्द लावला की फावल्या वेळातला खेळ वाटतो. नियंत्रण कक्षात खुर्ची कुणाला द्यायची, असा प्रश्न आला की हा फरक बोचतो. इलेक्ट्रॉनिक्स आणि नियमांची सरकारी परीक्षा देऊन कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची स्वतःची अधिकृत ओळख, मिळवलेल्या माणसाला 'तुम्ही हौशी ना?' असं विचारलं जातं, आणि पावसाळापूर्व बैठकीचं निमंत्रण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. माझ्या मते हे नुकसान त्याचं कमी आणि शहराचं जास्त आहे. नियमांचा एक पेच यात भर घालतो. हौशी रेडिओ केंद्रावरून एरवी तिऱ्हाइताचा निरोप परदेशी पाठवता येत नाही, ती मुभा आणीबाणीत आणि आपत्तीतच. म्हणजे अशा निरोपांचा खरा सराव एरवी करायचा कुठे?

'स्टॉर्म स्पॉटिंग', म्हणजे वादळ डोळ्यांनी पाहून कळवणं, हा शब्दही परका. अमेरिकेच्या मैदानी राज्यांत टोर्नेडोवर नजर ठेवणारे स्वयंसेवक तिथल्या हवामान खात्याला रेडिओवरून कळवत आले आहेत. मुंबईत टोर्नेडोची भीती नाही, पण पाणी तुंबणारं हिंदमाता आहे, मिलन सबवे आहे, अंधेरी सबवे आहे. इथला निरीक्षक बोलतो तेव्हा ते असं असतं: आधी कॉलसाइन, मग जागा, वेळ, पाणी घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, चढतंय की उतरतंय. एवढं सांगून तो बटण सोडतो. पुढे काय होईल हे तो सांगत नाही, ते हवामान खात्याचं काम. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण अफवेला पाऊस पुरतो.

२००५ नंतर शहर बदललं. कुलाब्याला डॉपलर रडार आलं, २०२२ मध्ये वेरावलीला दुसरं आलं, स्वयंचलित पर्जन्यमापकही ठिकठिकाणी लागले. तरी रडारला ढग दिसतात, सबवेतलं पाणी दिसत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. मुंबई थोडक्यात वाचली, पण खाडीपलीकडे रायगडात कित्येक गावांची वीज आणि मोबाईल काही दिवस बंद होते.

अशा वेळी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, एक संच आणि तार एवढं पुरतं. ७ मेगाहर्ट्झचा साधा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, सुमारे २० मीटर तारेचा, दिवसा तीनशे किलोमीटरवरचं गाव गाठायला ती तार पुरेशी. ती बांधायला मुंबईत जागा म्हणजे सोसायटीची गच्ची. गच्चीला कुलूप असतं, किल्ली सेक्रेटरीकडे, आणि अर्जावर 'पुढच्या सभेत बघू' असं उत्तर येतं. म्हणून मे महिन्यात कितीतरी हॅम खिडकीच्या ग्रिलला तार गुंडाळून बॅटरी चार्जिंगला लावतात आणि संध्याकाळच्या 'नेट'वर, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या बैठकीत, हजेरी देतात.