डेटा सेंटरचे नियोजन : वीजबचत आणि टप्प्याटप्प्याने वाढ

सर्व्हर, माहितीसाठ्याची यंत्रे आणि नेटवर्कची उपकरणे बारा महिने चोवीस तास चालू राहावीत, यासाठी खास बांधलेली इमारत म्हणजे डेटा सेंटर. या इमारतीची मुख्य कामे दोन. एक, यंत्रांना खंड न पडता वीज पुरवणे. दुसरे, त्या विजेतून निर्माण होणारी उष्णता बाहेर उपसणे. सर्व्हर घेतो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. त्यामुळे १० मेगावॅटच्या केंद्राला दर क्षणी १० मेगावॅट उष्णता बाहेर टाकावी लागते आणि ती टाकण्यासाठी पुन्हा वीज लागते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापरात हा वाटा साधारण दीड टक्का आहे आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल, असे ही संस्था सांगते. भारतातील निम्म्याच्या आसपास क्षमता मुंबई महानगर प्रदेशात आहे. चांदिवली, पवई, ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल ही तिची मुख्य ठिकाणे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि बँका व शेअर बाजारही इथेच आहेत, म्हणून हा उद्योग इथे रुजला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला.

पीयूई आणि त्याच्या मर्यादा

केंद्राची कार्यक्षमता पीयूई या गुणोत्तराने मोजतात. पूर्ण इमारतीने वापरलेल्या विजेला फक्त संगणकीय यंत्रांनी वापरलेल्या विजेने भागले की पीयूई मिळतो. १.० हा आदर्श, १.५ म्हणजे सर्व्हरच्या प्रत्येक युनिटमागे आणखी अर्धे युनिट शीतन, यूपीएस आणि दिव्यांवर खर्च होते. द ग्रीन ग्रिड या उद्योगसंस्थेने २००७ मध्ये हे माप रूढ केले आणि २०१६ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांमध्ये २००७ साली २.५ असलेली सरासरी १.६ च्या आसपास उतरली आणि गेली कित्येक वर्षे तिथेच घुटमळते आहे. गूगलच्या मोठ्या केंद्रांची सरासरी मात्र १.१ च्या जवळ आहे.

आकडा लहान वाटला तरी परिणाम मोठा असतो. १० मेगावॅट संगणकीय भार असलेल्या केंद्रात पीयूई १.५ वरून १.४ वर आणला, तर वर्षाला सुमारे ८७.६ लाख युनिट वाचतात.

तरीही पीयूई हे एकमेव ध्येय ठेवू नये. रिकामे बसलेले सर्व्हर बंद केले, तर प्रत्यक्ष वीज वाचते, पण भागाकारातील छेद लहान झाल्याने पीयूई बिघडतो. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी दाखवून दिले होते, की त्या काळचे सर्व्हर काहीही काम नसताना पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास वीज खातात आणि बहुतेक वेळ ते १० ते ५० टक्केच वापरात असतात. नवी यंत्रे सुधारली आहेत, पण कमी सर्व्हरवर जास्त काम बसवणे ही आजही फार मोठी बचत आहे आणि इमारतीचा आराखडा काढणाऱ्यांच्या बैठकीत तिचाच विषय सर्वांत कमी निघतो.

टप्पे

वीजबचत आणि विस्तारक्षमता हे दोन वेगळे विषय समजले जातात. वस्तुतः ते एकच आहेत. समजा, १० मेगावॅटच्या केंद्रात भार असो वा नसो, ८०० किलोवॅट वीज जातेच आणि त्याशिवाय भाराच्या २५ टक्के वीज शीतनाला व रूपांतरणाला लागते. पूर्ण भारावर पीयूई १.३३ येईल. पहिल्या वर्षी ग्राहकांचा भार २ मेगावॅटच असेल, तर तेच केंद्र १.६५ वर चालेल. यंत्रे तीच आणि उत्तमच, फक्त गरजेआधी बसवलेली.

म्हणून नंतर बदलणे अवघड असते ते आधी बांधावे आणि नंतर आणता येते ते नंतरच आणावे. भूखंड, विजेच्या उपकेंद्रासाठी राखीव जागा, मजल्याची उंची, स्लॅबची भारक्षमता आणि केबलचे मार्ग पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेच्या हिशेबाने ठरतात. चिलर (शीतनाचे पाणी गार करणारी यंत्रे), यूपीएस आणि डिझेल जनरेटर मात्र एक-दोन मेगावॅटच्या गटांनी येऊ शकतात. इथे बारकावा महत्त्वाचा. थंड पाण्याच्या मुख्य पाइपवर पुढच्या चिलरसाठी व्हॉल्व लावून तोंडे सोडलेली असली, तर नवे यंत्र जोडताना चालू असलेल्या सर्व्हर हॉलचे पाणी थांबवावे लागत नाही. ही तोंडे सुरुवातीच्या खर्चात कापली, की पुढचा प्रत्येक विस्तार जोखमीचा होतो. उच्चदाबाची वीजजोडणी सर्वांत जास्त वेळ घेते. तिचा अर्ज पूर्ण क्षमतेसाठी आणि लवकर करावा लागतो.

उष्णता, हवा आणि हवामान

शीतनाचा खर्च सर्वांत आधी जागेवर ठरतो. फिनलंडमधील हामिना इथे गूगलने २००९ मध्ये जुनी कागद गिरणी विकत घेतली आणि गिरणीच्या जुन्या बोगद्यातून येणारे समुद्राचे गार पाणी शीतनासाठी वापरले. नवी मुंबईलाही समुद्र लागून आहे, पण त्याचे पाणी कोमट असते आणि पावसाळ्यात हवा इतकी दमट असते, की बाष्पीभवनाने फारसा गारवा मिळत नाही. तिथले चिलर जवळपास वर्षभर चालणार हे गृहीत धरूनच आराखडा करावा लागतो. पुण्याची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते आणि हिवाळ्याच्या रात्री गार असतात, त्यामुळे तिथे बाहेरच्या हवेचा उपयोग जास्त तास होतो. केबल आणि ग्राहक मुंबईकडे ओढतात, हवामान घाटावर. निर्णय घेणाऱ्याने दोन्हींचा हिशेब मांडायला हवा.

कोरड्या प्रदेशातही सावधगिरी लागतेच. अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या प्राइनव्हिल येथे फेसबुकचे केंद्र २०११ मध्ये सुरू झाले. तिथे चिलरच नव्हते; बाहेरची हवा पाण्याच्या फवाऱ्याने गार करून आत सोडत. त्याच उन्हाळ्यात नियंत्रण प्रणाली चुकली, आतली हवा पुन्हा फवाऱ्यातून फिरत राहिली, आर्द्रता ९५ टक्क्यांपुढे गेली आणि सर्व्हरच्या वीजपुरवठा भागांवर पाणी साचून काही सर्व्हर बंद पडले.

नवी मुंबईसारख्या ठिकाणी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हॉल अकारण थंड न ठेवणे. अमेरिकेतील अ‍ॅश्रे या संस्थेने २००८ पासून सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सियस तापमान सुचवले आहे. तरी अनेक हॉल २० अंशांवर चालतात. कारण बहुतेकदा साधे असते. रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या उभ्या सांगाड्यात, सर्व्हर नसलेली जागा उघडी राहते, तिच्यातून मागची गरम हवा पुढे येते आणि त्या रॅकचे वरचे दोन-तीन सर्व्हर तापतात. तक्रार येते आणि कर्मचारी सगळ्या हॉलचे तापमान दोन अंशांनी खाली आणतो. खरे तर ती फट ब्लँकिंग पॅनल नावाच्या प्लास्टिकच्या पट्टीने झाकली आणि फरशीतील केबलची भोके बुजवली, की काम होते. रॅकच्या रांगांमधल्या गरम आणि थंड हवेच्या गल्ल्या दारांनी व छतांनी वेगळ्या केल्या, तर तापमान वाढवणे निर्धोक होते. थंड पाण्याचे तापमान एक अंशाने वाढले, की चिलरची वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी घटते. पंख्यांचा नियम याहून उदार आहे : गती २० टक्क्यांनी कमी केली, की वीज निम्म्यावर येते.

हवेलाही मर्यादा आहेत. १० किलोवॅटच्या रॅकमधून जाताना हवा १२ अंशांनी तापू द्यायची असेल, तर सेकंदाला सुमारे ०.७ घनमीटर हवा लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरले जाणारे एन्व्हिडियाचे जीबी२०० रॅक १२० किलोवॅटच्या आसपास वीज घेतात. तिथे चिपवर बसवलेल्या धातूच्या पट्टीतून द्रव फिरवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. आज साधे सर्व्हर ठेवणाऱ्यानेही पुढच्या टप्प्यांसाठी पाण्याच्या पाइपांची जागा राखावी, ती यासाठी.

पाणी

पाण्याच्या बाष्पीभवनाने उष्णता घालवणारे कूलिंग टॉवर वीज वाचवतात, पण पाणी पितात. एक मेगावॅट उष्णता केवळ बाष्पीभवनाने घालवायची, तर दिवसाला साधारण ३५ हजार लिटर पाणी हवेत जाते. क्षार साचू नयेत म्हणून सोडावे लागणारे पाणी वेगळे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या राज्यात हा हिशेब पीयूईच्या शेजारीच मांडला पाहिजे. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे किंवा थोडी वीज जास्त देऊन हवेने थंड होणारे चिलर घेणे, हे दोन पर्याय उरतात.

वीजपुरवठा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा कोसळला, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. अशा दिवसासाठी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या, जनरेटर आणि डिझेलचा साठा असतो. या सुरक्षिततेची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागते. प्रत्येक यंत्राला पूर्ण क्षमतेचा जोडीदार दिला, तर दोन्ही यूपीएस कायम निम्म्याहून कमी भारावर चालतात आणि त्यांच्या विजेतील नासाडीचे प्रमाण वाढते. चार यंत्रे कामाला आणि पाचवे राखीव अशी मांडणी पुष्कळ सेवांना पुरते. सगळ्याच सेवांना दुहेरी कवच लागत नाही.

अपारंपरिक वीज छतावरून मिळेल ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. सौर पॅनेल वर्षभरात आपल्या क्षमतेच्या साधारण पाचवा हिस्सा वीज देतात आणि जमिनीवर एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. म्हणजे एका मेगावॅटच्या अखंड भाराची वार्षिक वीज सूर्यापासून मिळवायला पाच मेगावॅटचे पॅनेल आणि वीस एकरांहून अधिक जमीन हवी. त्यामुळे ही वीज दूरच्या सौर आणि पवन प्रकल्पांकडून दीर्घ मुदतीच्या कराराने, मुक्त प्रवेशाच्या (वितरण कंपनीऐवजी थेट उत्पादकाकडून वीज घेण्याच्या) मार्गाने घ्यावी लागते, आणि तो करारही केंद्राच्या टप्प्यांप्रमाणेच वाढता ठेवता येतो.